फोटो एका रंगात आणायचा, तर आधी उजेड बघा

कुठलाही फोटो घ्या, सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि त्यावर निळ्या रंगाचा एक थर चढवा. दहा सेकंदांचं काम. फोटो निळा होतो खरा, पण बघणाऱ्याच्या मनात काहीच हलत नाही. निळ्या काचेतून पाहिल्यासारखं सगळं सपाट आणि मळकट दिसतं. याउलट काही एकरंगी फोटो असे असतात, की नजर तिथून निघतच नाही. मिट्ट काळोखातून नुसत्या तांबड्या छटांनी वर आलेला चेहरा. निळ्याशार धुक्यात कमरेपर्यंत बुडालेली झाडं. रंग तिथेही एकच आहे. मग हा फरक येतो कुठून?

बरीच वर्षं असे फोटो करत आल्यावर माझं मत पक्कं झालंय: एकरंगी फोटोचं बहुतेक काम रंग चढवण्याआधीच झालेलं असतं. साध्या रंगीत फोटोत डोळ्याला दोन आधार असतात. पिवळी भिंत निळ्या दारापासून वेगळी ओळखू येते ती रंगामुळे, आणि उन्हातली भिंत सावलीतल्या भिंतीपासून वेगळी दिसते ती उजेडामुळे. पहिला आधार आपण काढून घेतला की सगळा भार दुसऱ्यावर येतो. तो पेलण्याइतका उजेड-सावलीचा फरक फोटोत नसेल, तर वर कुठलाही रंग ओता, फोटो निर्जीवच राहतो. म्हणून या लेखात रंगापर्यंत पोहोचायला थोडा वेळ लागेल. तो घालवण्यासारखा आहे.

लाल फूल आणि हिरवं पान

कॉम्प्युटरच्या लेखी रंग म्हणजे तीन आकडे. लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. या तिघांना चॅनल म्हणतात. फोटो कृष्णधवल करायचा, म्हणजे या तीन आकड्यांचा मिळून एकच आकडा करायचा. तो कसा करायचा याचा एकच असा बरोबर मार्ग नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

एक लाल फूल धरू. त्याचे आकडे लाल २००, हिरवा ४०, निळा ४०. त्याच्या मागे हिरवं पान: लाल ४०, हिरवा ११०, निळा ४०. रंगीत फोटोत फूल पानावर उठून दिसतं, आंधळ्यालाही कळावं इतकं. आता सर्वात प्रचलित सूत्र लावून बघा. रंगीत टीव्हीच्या जमान्यापासून चालत आलेलं हे सूत्र हिरव्याला ५८.७ टक्के, लालला २९.९ टक्के आणि निळ्याला ११.४ टक्के वजन देतं, कारण आपल्या डोळ्याला हिरव्याचा उजेड सर्वात जास्त जाणवतो आणि निळ्याचा सर्वात कमी. हिशेब केला की फूल येतं ८८ वर आणि पान ८१ वर. २५६ पायऱ्यांच्या जिन्यात सात पायऱ्यांचा फरक. फूल पानात विरघळून गेलं. अशा फोटोवर निळा चढवा नाहीतर तांबडा, हरवलेलं फूल परत येत नाही.

आता सूत्र सोडा आणि फक्त लाल चॅनल घ्या. फूल २००, पान ४०. अंधाऱ्या पानांवर फूल दिव्यासारखं उजळलं. फक्त हिरवा चॅनल घ्या. फूल ४०, पान ११०. म्हणजे उजळ पानांवर काळपट, जड फूल. फोटो एकच, पण तीन वाटांनी तीन वेगळे फोटो निघाले, आणि त्यांचे भावही वेगळे.

फोटोशॉपमध्ये हे काम ‘ब्लॅक अँड व्हाइट’ नावाच्या ॲडजस्टमेंट लेयरवर, म्हणजे मूळ फोटो न बदलता त्यावर ठेवलेल्या थरावर करतात. तिथे लाल, पिवळा, हिरवा, आकाशी, निळा आणि किरमिजी असे सहा स्लायडर मिळतात. मूळ फोटोत जिथे जिथे तो रंग होता, तेवढाच भाग उजळ किंवा गडद होतो. गिंप या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘मोनो मिक्सर’ आहे, त्यात तीन चॅनलांचं प्रमाण आपण ठरवायचं. फोनवरच्या बऱ्याच ॲपमध्येही कृष्णधवल निवडल्यावर लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा अशा गोल टिकल्या दिसतात. बहुतेक जण त्यांना हात लावत नाहीत. त्या टिकल्या म्हणजे हेच सगळं आहे.

नुसता सॅच्युरेशनचा, म्हणजे रंगाच्या गडदपणाचा स्लायडर शून्यावर ओढणं हा मात्र मला पटत नसलेला रस्ता. काही पद्धतींत सर्वात मोठा आणि सर्वात लहान आकडा घेऊन त्यांचा मध्य काढतात. गिंपमध्ये हीच पद्धत ‘लाइटनेस’ या नावाने दिसते. त्या हिशेबाने शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा दोघेही एकाच मधल्या राखाडीवर येऊन बसतात. पिवळ्याचा लख्खपणा आणि निळ्याचा गडदपणा दोन्ही पुसले जातात. उजेडावर उभा राहणारा फोटो करायचाय आणि सुरुवातीलाच उजेड फेकून दिला, असं होतं ते.

फिल्मच्या काळात ही निवड शटर दाबण्याआधी करावी लागे, लेन्सपुढे रंगीत काच लावून. १९२७ च्या एप्रिलमध्ये छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स अमेरिकेतल्या योसेमिटी खोऱ्यात हाफ डोम नावाच्या कड्यासमोर उभे होते. जवळ दोनच प्लेट, म्हणजे फिल्मऐवजी वापरायच्या काचा, उरल्या होत्या. पहिली त्यांनी पिवळा फिल्टर लावून घेतली. मग लक्षात आलं, की कड्याचा जो दरारा आपल्याला जाणवतोय तो यात उतरणार नाही. शेवटच्या प्लेटला त्यांनी गडद लाल फिल्टर लावला. लाल काच निळा उजेड अडवते, त्यामुळे आकाश जवळजवळ काळं आलं आणि त्यावर तो दगडी कडा अंगावर आल्यासारखा उभा राहिला. आज आपण निळा स्लायडर डावीकडे ओढतो तेव्हा तेच करतो. फरक इतकाच, की आपल्याला हवं तितक्या वेळा परत येता येतं.

पण ओढण्यालाही मर्यादा आहे. जेपीजी फाइलमध्ये उजेडाची माहिती बारीक साठवलेली असते आणि रंगाची माहिती बहुतेक वेळा त्याहून ढोबळ. निळा स्लायडर फार खाली नेला की आकाशात चौकोनी ठिगळं आणि रवाळपणा दिसायला लागतो, आणि झाडाच्या किंवा इमारतीच्या कडेला एक पांढुरकी किनार उमटते. ती किनार दिसली की समजायचं, आपण पुढे गेलो. दोन पावलं मागे या. फोटो रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याची मूळ माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये काढलेला असेल तर स्लायडर पुष्कळ जास्त ओढता येतो, कारण तिथे एका चॅनलमध्ये २५६ ऐवजी साधारणपणे ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्या असतात.

माणसाच्या चेहऱ्याबाबत एक गोष्ट मला फार उपयोगी पडली आहे. त्वचा लाल उजेड भरपूर परतवते; हिरवा आणि निळा शोषून घेते. त्यामुळे लाल चॅनलमध्ये चेहरा नितळ आणि उजळ दिसतो, डाग आणि वांग फिकट होतात, ओठही फिके पडतात. निळ्या चॅनलमध्ये अगदी उलट: प्रत्येक सुरकुती, प्रत्येक ठिपका कोरल्यासारखा वर येतो. लहान मुलाचा फोटो असेल तर मी लालकडे झुकतो. सत्तरी ओलांडलेल्या चेहऱ्याला मात्र हिरव्याकडे नेतो, कारण त्या सुरकुत्यांसाठीच तर तो फोटो काढलेला असतो.

अंधार कुठे ठेवायचा

नाट्य म्हणजे कॉन्ट्रास्ट वाढवणं, असा एक समज आहे. कॉन्ट्रास्टचा स्लायडर सगळ्या फोटोला एकाच काठीने हाकतो. नाट्य तेव्हा येतं जेव्हा फोटोतला एक भाग बोलतो आणि बाकीचे गप्प बसतात.

खिडकीशी बसलेल्या एका बाईंचा फोटो डोळ्यापुढे आणा. उजेड डावीकडून येतोय. डावा गाल उजळ, नाकाची सावली उजव्या गालावर, उजवा डोळा अर्धवट अंधारात, मागे खोलीतलं सामान. कृष्णधवल केल्यावर मी पहिलं काय करतो, तर डोळे बारीक करून स्क्रीनकडे बघतो. सगळं धूसर झालं की फक्त मोठे मोठे उजेडाचे आणि अंधाराचे तुकडे उरतात. या फोटोत तसं बघितलं तेव्हा चेहऱ्याइतकाच उजळ एक तुकडा मागे दिसला: कपाटाचं दार. चेहऱ्याशी भांडणारा तो तुकडा आहे. तो दाबायला हवा. उजव्या डोळ्यातली उजेडाची टिकली मात्र जपायला हवी, कारण सगळा गाल अंधारात गेला तरी त्या एका टिकलीने डोळा जिवंत राहतो.

यासाठी एक साधी युक्ती आहे. वर एक नवा लेयर घ्या, तो अगदी मधल्या, म्हणजे ५० टक्के राखाडीने भरा आणि त्याचा ब्लेंड मोड, म्हणजे खालच्या लेयरमध्ये मिसळण्याची पद्धत, ‘ओव्हरले’ किंवा ‘सॉफ्ट लाइट’ ठेवा. मधली राखाडी या मोडमध्ये अदृश्य होते. आता मऊ कडांचा मोठा ब्रश घ्या, जोर ५ ते १० टक्के ठेवा, आणि काळ्या रंगाने कपाटाच्या दारावरून चार-पाच वेळा फिरवा. दार हळूहळू मागे सरकतं. पांढऱ्या रंगाचा लहान ब्रश घेऊन डोळ्यातली टिकली आणि गालाच्या हाडाची कड जराशी उचला. मूळ फोटोला धक्का लागत नाही आणि चुकलं तर राखाडीने पुसता येतं. डार्करूममध्ये कागदावर पडणारा उजेड हाताने किंवा पुठ्ठ्याच्या तुकड्याने अडवून हेच करायचे. ‘डॉज’ आणि ‘बर्न’ ही नावं तिथलीच.

त्यानंतर कर्व्ह, म्हणजे उजेड-अंधार कमीजास्त करायचा आलेख. त्याची तिरकी रेघ खालच्या टोकाकडे थोडी खाली आणि वरच्या टोकाकडे थोडी वर ओढली की इंग्रजी ‘एस’सारखा आकार येतो, गडद भाग आणखी गडद, उजळ आणखी उजळ. खालचं टोक किती दाबायचं हे ठरवताना घाबरू नका. सावलीतला प्रत्येक तपशील दिसलाच पाहिजे, असा काही नियम नाही. खोलीचा उजवा कोपरा पूर्ण काळा झाला तर होऊ द्या. उजळ टोकाला मात्र सांभाळा. गालावरचा तपशील जाऊन नुसता पांढरा ठिपका राहिला, तर रंग चढवल्यावर तो छिद्रासारखा दिसतो.

इथपर्यंत आल्यावर फोटो कृष्णधवल म्हणूनच भिंतीवर लावावासा वाटला पाहिजे. तसं वाटत नसेल तर मी पुढे जात नाही.

रंग सावलीत, उजेडात की मध्ये?

मूकपटांच्या काळात फिल्मला रंग देण्याच्या दोन पद्धती होत्या, आणि त्या समजल्या की आजच्या सॉफ्टवेअरमधली निम्मी कोडी सुटतात. पहिली टिंटिंग. अख्खी फिल्म रंगाच्या पाण्यात बुडवायची. जिथे फिल्म पारदर्शक, म्हणजे चित्रातला उजळ भाग, तिथे रंग दिसायचा; काळा भाग काळाच. रात्रीची दृश्यं त्या काळी दिवसाउजेडी चित्रित करत आणि मग निळ्या टिंटने त्यांची रात्र करत. दुसरी पद्धत टोनिंग. तिच्यात चित्र ज्या चांदीच्या कणांचं बनलेलं असतं, ते कणच रासायनिक क्रियेने दुसऱ्या रंगीत पदार्थात बदलायचे. म्हणजे आता गडद भाग रंगीत आणि उजळ भाग स्वच्छ पांढरा. जुन्या फोटोंचा तपकिरी सेपिया हा टोनिंगचाच प्रकार. त्यात चांदीचं सिल्व्हर सल्फाइड होतं, आणि ते मूळ चांदीपेक्षा जास्त टिकतं.

आता सॉफ्टवेअरकडे या. कृष्णधवल फोटोवर एका सपाट रंगाचा लेयर ठेवा. ब्लेंड मोड ‘मल्टिप्लाय’ केला की पांढऱ्याच्या जागी तो रंग येतो आणि काळं काळंच राहतं. हे टिंटिंग झालं. ‘स्क्रीन’ केला की काळ्याच्या जागी रंग येतो आणि पांढरं पांढरंच राहतं. हे टोनिंग. ‘कलर’ केला की उजेडाचं प्रमाण मूळ फोटोचंच राहतं, पूर्ण काळं आणि पूर्ण पांढरं दोन्ही कोरे सुटतात आणि रंग मधल्या छटांमध्ये बसतो. तिन्ही एकामागून एक करून बघा, एकाच फोटोवर, एकाच निळ्याने. मल्टिप्लायमध्ये फोटो संध्याकाळ उतरल्यासारखा जड होतो. स्क्रीनमध्ये धुकं भरल्यासारखा हलका. कलरमध्ये सगळं जागच्या जागी राहतं आणि म्हणूनच ते सुरक्षित, पण थोडं बेतासबात वाटतं. लेखाच्या सुरुवातीला ज्या सपाट निळ्या थराबद्दल बोललो, तो ‘नॉर्मल’ मोडमध्ये ओपॅसिटी (थराचा दाटपणा) कमी करून चढवलेला असतो. तो काळ्यालाही निळसर करतो आणि पांढऱ्यालाही, म्हणजे दोन्ही टोकं एकमेकांकडे ओढतो. फोटो मळकट होतो तो त्यामुळे.

माझं सर्वात आवडतं हत्यार मात्र ‘ग्रेडियंट मॅप’. फोटोशॉपमध्ये आणि गिंपमध्ये ते याच नावाने सापडतं. त्याची कल्पना इतकी सरळ आहे की पहिल्यांदा कळल्यावर आश्चर्य वाटतं. एक रंगपट्टी घ्यायची. तिचं डावं टोक म्हणजे फोटोतलं काळं, उजवं टोक म्हणजे पांढरं. फोटोतल्या प्रत्येक राखाडी ठिपक्याला पट्टीवर त्याच्या जागी जो रंग असेल तो द्यायचा. सावलीला कोणता रंग, मध्याला कोणता, उजेडाला कोणता, हे सगळं एका पट्टीवर तुमच्या हातात.

खिडकीतल्या त्या बाईंच्या फोटोसाठी मी अशी पट्टी करेन. डाव्या टोकाला जवळजवळ काळा पण किंचित निळा: लाल ८, हिरवा १२, निळा २८. बरोबर मध्यावर धुरकट निळा: ७०, १२५, १७५. उजव्या टोकाला पांढरा नाही, तर जुन्या कागदासारखा ऊबदार: २४६, २४०, २२६. हे शेवटचं लक्षात घ्या. उजळ टोकाला ही थोडी ऊब दिली की मधला निळा आहे त्याहून जास्त निळा भासतो. फोटो एकरंगीच वाटतो, पण गालावरचा उजेड खरा वाटतो. निळ्यातून शुद्ध पांढऱ्यात गेलात तर तोच गाल बर्फासारखा गार पडतो. कधी कधी तेही हवं असतं, पण या फोटोत नाही.

पट्टी करताना एकच काळजी घ्यायची: डावीकडून उजवीकडे जाताना ती सतत उजळत गेली पाहिजे. मधला रंग उजव्या टोकापेक्षा उजळ झाला, तर सावल्या आणि उजेड उलटेपालटे होतात आणि चेहरा एक्स-रेसारखा दिसतो. वर दिलेल्या मधल्या निळ्याचं आधीच्या सूत्राने उजेडाचं माप काढलं तर साधारण ११४ येतं. मध्यावरची राखाडी १२८ असते. म्हणजे माझा निळा थोडासा गडद आहे आणि फोटो किंचित खाली बसतो, हे मी मुद्दाम केलंय.

पट्टीच्या डाव्या टोकाला काळा ठेवलाच पाहिजे असं नाही. १८४२ मध्ये जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञांनी सायनोटाइप ही निळे फोटो छापण्याची पद्धत शोधली. लोहाचे क्षार लावलेला कागद उन्हात धरायचा आणि पाण्यात धुवायचा. उजेड लागलेल्या जागी प्रशियन ब्ल्यू नावाचा गडद निळा तयार होतो. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या वनस्पतीशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी समुद्री शेवाळांचे ठसे या पद्धतीने घेऊन त्यांचं पुस्तक काढायला सुरुवात केली. त्या ठशांमध्ये काळा रंग कुठेच नाही. सर्वात गडद जागा म्हणजे गडद निळा, सर्वात उजळ जागा म्हणजे कोरा कागद. सायनोटाइपचा भास आणायचा तर पट्टी ०, ४९, ८३ या निळ्यापासून सुरू करून पांढऱ्यावर संपवा. अनेक जण डावीकडे सवयीने काळा ठेवतात आणि मग तो निळा फोटो होतो, सायनोटाइप होत नाही.

प्रत्येक रंगाचं वजन वेगळं

‘हाच फोटो लाल का जमत नाही? निळा तर छान झाला होता.’ हा प्रश्न मला पुष्कळदा विचारतात. त्याचं उत्तर रंगांच्या अंगच्या उजेडात आहे. १९७६ साली सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेने ‘लॅब’ नावाची मोजपट्टी ठरवली. तीत डोळ्याला जाणवणारा उजेड ० ते १०० मध्ये मोजतात. नेहमीच्या स्क्रीनवरचा शुद्ध निळा तिच्यावर ३२ वर येतो. लाल ५३, किरमिजी ६०, हिरवा ८८, आकाशी ९१ आणि पिवळा ९७.

याचा अर्थ असा, की प्रत्येक रंग आपल्या एका ठरावीक उंचीवरच पूर्ण तेजात असतो. निळा सावलीत राहणारा रंग आहे. त्याला उजेडात आणायचं तर पांढरा मिसळावा लागतो आणि तो फिका होतो. पिवळा नेमका उलट, तो उजेडातच पिवळा असतो. अंधारात नेला की शेवाळी किंवा तपकिरी होतो. म्हणून नुसत्या पिवळ्यात फोटो करायला गेलं की सावल्या घाणेरड्या दिसतात. पिवळा हवा असेल तर त्याला फक्त उजेडाचा भाग द्या आणि सावल्यांना गडद तपकिरी किंवा सरळ काळा द्या. त्याउलट रात्र, पाऊस, एकटेपणा असल्या गडद फोटोंना निळा सहज बसतो, कारण ते फोटो मुळातच निळ्याच्या उंचीवर राहतात.

लाल हा सर्वात अवघड. तो मधोमध आहे. त्याच्या वर जायचं तर गुलाबी होतो, आणि गुलाबी झाला की सगळा दरारा संपला. शिवाय शुद्ध लालमध्ये फक्त एक चॅनल काम करत असतो. तो २५५ ला टेकला की पुढचा तपशील भिंतीला डोकं आपटून थांबतो. दोन उपाय आहेत. एक तर फोटो लालच्या खालीच ठेवायचा: बहुतेक भाग काळा, मध्यावर गडद रक्तासारखा लाल, आणि उजेड जेमतेम लालपर्यंत. नाहीतर वर जाताना गुलाबीऐवजी नारिंगीकडे आणि मग फिकट मलईकडे वळायचं, विस्तवाचे रंग वळतात तसं. दुसरा मार्ग चेहऱ्यांसाठी, पहिला आकृत्यांसाठी. अगदी उजळ, भरपूर पांढरा असलेला फोटो लाल करू नका. तो माझ्या हातून आजवर एकदाही जमलेला नाही.

आकाशातल्या पट्ट्या आणि छापखाना

एकरंगी फोटोत मोकळं आकाश असेल तर त्यात पायऱ्यापायऱ्यांसारखे पट्टे दिसायला लागतात. ८ बिटच्या फोटोत राखाडीच्या फक्त २५६ पायऱ्या असतात. त्यातल्या तीस-चाळीस आकाशाच्या वाट्याला येतात आणि कर्व्ह ताणला की त्यांच्यातलं अंतर डोळ्याला दिसण्याइतकं वाढतं. रंगीत फोटोत तीन चॅनल वेगवेगळ्या जागी पायरी बदलत असल्यामुळे हे झाकलं जातं. कामाच्या सुरुवातीलाच फाइल १६ बिट करून घ्या आणि शेवटी थोडे बारीक रवे, म्हणजे ग्रेन, मिसळा. रवे पायऱ्यांच्या कडा मोडून टाकतात. फोटोही फिल्मसारखा दिसतो, हा वरचा फायदा.

छापण्याचं मात्र मी एकदा चांगलंच अनुभवलं आहे. गडद निळ्यातलं एक पोर्ट्रेट होतं. केसांची कड आणि खांद्याची रेषा अगदी खोल निळ्यात, काळ्याच्या जरा वर. स्क्रीनवर ती मखमलीसारखी दिसायची. छापून आलं तेव्हा केस, खांदा आणि मागची भिंत मिळून एकच काळा डाग झाला होता, चेहरा त्यात तरंगत होता. स्क्रीन उजेड फेकते, कागद फक्त परतवतो, आणि स्क्रीनवरचा झळझळीत निळा छपाईच्या चार शाईंना मुळात साधतच नाही. तेव्हापासून छापायच्या प्रतीत मी सावल्या मुद्दाम उचलतो, सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापल्यावर कसं दिसेल याचा स्क्रीनवरचा अंदाज, चालू करून बघतो, आणि मोठं छापण्याआधी हातभर कागदावर एक चाचणी प्रत काढतो.

आणखी एक फसवणूक आपलाच डोळा करतो. दहा मिनिटं निळ्या फोटोकडे बघत बसलं की डोळा त्याला सरावतो आणि निळा कमी वाटायला लागतो. आपण अजून घालतो. थोड्या वेळाने परत कमी वाटतो. म्हणून काम करताना फोटोभोवती रुंद राखाडी किंवा पांढरी चौकट ठेवा, म्हणजे डोळ्याला तुलनेला काहीतरी राहतं. आणि संपवण्याआधी उठून खिडकीबाहेर बघून या. परत आल्यावर पहिल्या क्षणाला जे वाटतं, ते खरं. माझ्या बाबतीत बहुतेक वेळा त्या क्षणी लेयरची ओपॅसिटी कमी होते.

एकच रंग शिल्लक ठेवायचा असेल तर

सगळा फोटो कृष्णधवल आणि एकच वस्तू रंगीत, हा प्रकारही लोकांना आवडतो. मी तो क्वचित करतो. ती वस्तू फोटोचं कारणच असेल तर तो शोभतो. शोभेसाठी केला तर बघणाऱ्याचं लक्ष आधी युक्तीवर जातं.

पावसात ओल्या रस्त्यावर लाल छत्री धरून उभ्या असलेल्या माणसाचा फोटो धरू, आणि त्यात फक्त छत्री रंगीत ठेवायची आहे. करायचाच असेल तर सॉफ्टवेअरला ‘फक्त लाल ठेव’ असं सांगून सोडू नका. माणसाच्या त्वचेत लाल आणि नारिंगी भरलेलं असतं. छत्रीसोबत गालांवर, बोटांवर, कानांच्या पाळ्यांवरही लालसर चट्टे राहतात. फोटोवर कृष्णधवल ॲडजस्टमेंट लेयर ठेवा, त्याच्या मास्कवर, म्हणजे लेयर कुठे लागू व्हायचा हे ठरवणाऱ्या पडद्यावर, काळ्या ब्रशने छत्रीचा भाग रंगवा, तिथे मूळ रंग परत दिसेल. कड रंगवताना फोटो दुप्पट मोठा करून बघा.

पण कड कितीही नेमकी कापली तरी ती छत्री वरून चिकटवल्यासारखी दिसते. याचं कारण कडेत नसतं. खरी लाल छत्री आपला रंग आजूबाजूला सांडत असते. ती धरणाऱ्याच्या कपाळावर एक तांबूस झाक असते, ओल्या रस्त्यावर तिचं लांबुळकं, मोडलेलं प्रतिबिंब असतं. आपण मास्क छत्रीच्या कडेला संपवतो आणि हे सगळं राखाडी करून टाकतो. ब्रशचा जोर १५-२० टक्क्यांवर आणा आणि मास्कवर ते प्रतिबिंब हलकेच रंगवून परत आणा, मग कपाळावरून एकदाच फिरवा. छत्री रस्त्यावर उतरते, आणि पाऊसही.